बुलढाण्याहून पुण्यात: खोली कुठे घ्यायची हे नक्की कोण ठरवतं?

मेहकर, चिखली, बुलढाण्याहून संध्याकाळी निघालेल्या गाड्या पहाटे पुण्यात पोहोचतात. शिवाजीनगरचं एसटी स्थानक मेट्रोच्या कामासाठी २०१९ च्या अखेरीस वाकडेवाडीला हललं, तेव्हापासून विदर्भ-मराठवाड्यातून येणारा मुलगा पुण्यात पहिलं पाऊल ठेवतो ते तिथे. हातात एक बॅग, एक गादीची वळकटी, आईनं दिलेला डबा आणि फोनमध्ये गावातल्या कुणाचा तरी नंबर. त्या नंबरवर जो कुणी उचलतो, तो जिथे राहतो, तिथेच या मुलाचे पुढचे काही महिने जातात. शहर कसं निवडायचं यावर घरी वर्षभर चर्चा झालेली असते. शहरात कुठे राहायचं, यावर पाच मिनिटंही झालेली नसतात.

खर्च, आरोग्य, अभ्यास आणि सुरक्षितता यातलं बरंचसं याच पाच मिनिटांत ठरतं.

इतके लोक बुलढाण्याहून पुण्यालाच का जातात?

२०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या २५ लाख ८६ हजार, आणि त्यातले शहरात राहणारे सुमारे २१ टक्के. तेरा तालुके, सोयाबीन आणि कापसावरची शेती, आणि खामगाव सोडलं तर मोठा उद्योग म्हणावा असं फार काही नाही. जिल्ह्याचं मुख्यालय असलेल्या बुलढाणा शहरात रेल्वे नाही. मलकापूर, नांदुरा, शेगाव हा उत्तरेकडचा पट्टा मुंबई–हावडा मार्गावर आहे आणि तिथून महाराष्ट्र एक्स्प्रेसने थेट पुणे गाठता येतं. पण लोणार, सिंदखेडराजा, देऊळगावराजा, मेहकर या दक्षिणेकडच्या तालुक्यांना रस्त्याशिवाय पर्याय नाही. जालना–खामगाव रेल्वेमार्गाची मागणी जुनी आहे, ती अजून मागणीच आहे.

नागपूर-अमरावती विदर्भात असूनही ओढा पुण्याकडे असण्याचं एक कारण याच भूगोलात आहे. दक्षिणेकडच्या तालुक्यांना जालना आणि छत्रपती संभाजीनगर जवळ पडतं, आणि तिथून पुण्याची वाट सरळ. समृद्धी महामार्गाने ही ओढ वाढवलीच. त्या रस्त्याची एक काळी तारीखही याच जिल्ह्याच्या नावावर आहे. १ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेडराजा तालुक्यात पिंपळखुट्याजवळ नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस पेटली आणि २५ प्रवासी गेले. विदर्भातून पुण्याला रोज रात्री कोण प्रवास करतं आणि कशासाठी, हे त्या दिवशी अवघ्या राज्याने पाहिलं.

जाणाऱ्यांचे ढोबळमानाने तीन गट पडतात. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारे पेठांकडे जातात. अभियांत्रिकी किंवा इतर पदवीचे विद्यार्थी कॉलेज असेल तिकडे. आणि कामगार, आयटीआय झालेले तरुण चाकण, भोसरी, रांजणगावच्या एमआयडीसीकडे. या तिघांच्या गरजा वेगळ्या असल्या तरी फसण्याच्या जागा बऱ्याचशा सारख्याच आहेत.

‘कॉट बेसिस’ म्हणजे नक्की काय विकत घेतलं जातं?

सदाशिव पेठ, नारायण पेठ, नवी पेठ, शास्त्री रस्त्याचा परिसर. इथल्या भिंतींवर आणि विजेच्या खांबांवर चिकटवलेल्या कागदांवर दोन शब्द हमखास दिसतात: कॉट बेसिस. म्हणजे खोली नव्हे, खोलीतली एक कॉट. एका खोलीत तीन, चार, कधी सहा. कपाटाचा एक कप्पा, सामाईक संडास-बाथरूम, आंघोळीच्या पाण्याची ठरलेली वेळ. जेवण मेसमध्ये, अभ्यास अभ्यासिकेत. खोली फक्त झोपायला.

ही व्यवस्था वाईटच आहे असं म्हणणं सोपं आहे, पण पूर्ण खरं नाही. कॉटला मोठं डिपॉझिट लागत नाही, एजंटला एका महिन्याचं भाडं द्यावं लागत नाही, अकरा महिन्यांची बांधिलकी नसते, जामीन राहायला पुण्यातला माणूस लागत नाही. नव्याने आलेल्या आणि शहरात कुणी ओळखीचं नसलेल्या माणसाला दार उघडून देणारी ही एकमेव व्यवस्था आहे. अभ्यासिका, क्लास, पुस्तकांची दुकानं आणि बरोबरीने तयारी करणारी मुलं सगळी चालत जाण्याच्या अंतरावर, हा दुसरा फायदा. त्याची किंमत मोजली जाते ती जागेत, हवेत आणि हक्कांत. कारण बहुतेक वेळा कागद नसतो.

हिशेब कसा पडतो, हे उदाहरणापुरतं पाहू. समजा कॉटचे ३,०००, दोन वेळच्या मेसचे ३,००० आणि अभ्यासिकेचे १,००० रुपये. महिन्याला ७,०००, वर्षाला ८४,०००. पुस्तकं, क्लास, प्रवास, आजारपण वेगळं. २०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये क्विंटल आहे. म्हणजे हे ८४,००० उभे करायला जवळपास पावणेसोळा क्विंटल सोयाबीन लागतं, तेही हमीभाव खरोखर मिळाला तर. एकरी सहा क्विंटल उतारा धरला, तर अडीच एकरांहून जास्त रानाचं सगळं पीक, बियाणं-खताचा खर्च वजा न करता, एका पोराच्या कॉटवर जातं. म्हणून महिन्याला पाचशे रुपये कमी असलेली खोली घेण्याचा मोह इतका मोठा असतो.

पाचशे रुपये वाचवायला लांब गेलं तर?

बरेच जण तेच करतात. पेठा सोडून कात्रज, धायरी, नऱ्हे, आंबेगाव, वाघोली अशी वाट धरतात. इमारती नव्या, खोल्या मोठ्या, हवा-उजेड चांगला. पण या भागांतली बरीच गावं पुणे महापालिकेत अलीकडे आली. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३. हद्द कागदावर वाढली, त्या वेगाने नळ आणि गटारं पोहोचली नाहीत. अनेक इमारती आजही टँकरवर चालतात. टँकरचे पैसे भाड्यात धरलेले आहेत की वेगळे, हा प्रश्न खोली बघताना फारसा कुणी विचारत नाही. मार्च उजाडला की मग कळतं.

पाण्याचा प्रश्न फक्त पैशांचा नाही, हे जानेवारी २०२५ मध्ये दिसलं. सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात गिया-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण अचानक वाढले आणि आकडा २०० च्या वर गेला. रुग्णांच्या नमुन्यांत दूषित अन्न-पाण्यातून पसरणारे कॅम्पायलोबॅक्टरसारखे जंतू सापडले आणि बोट पाण्याकडे वळलं. हाच पट्टा बाहेरगावच्या विद्यार्थ्यांच्या आवडीचा आहे. घरात एकटा राहणारा, मेसचं खाणारा, उकळून पाणी पिण्याची सोय नसलेला मुलगा अशा साथीत सर्वांत आधी सापडतो.

पुराचंही तसंच. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून पाणी सोडल्यावर सिंहगड रस्त्यावरची एकतानगरी पाण्याखाली गेली. त्याच दिवशी डेक्कनजवळच्या पुलाच्या वाडीत विजेचा धक्का बसून तिघांचा जीव गेला. पुण्यात नदी कुठे आहे हे बाहेरच्याला कळत नाही, कारण ती वर्षातले बरेच महिने दिसतच नाही. इमारतीच्या वॉचमनला किंवा खालच्या किराणा दुकानदाराला विचारलं, तर ‘२०२४ ला इथे पाणी कुठवर आलं होतं’ याचं उत्तर भिंतीवर बोट ठेवून मिळतं. एजंटकडून ते मिळेलच असं नाही.

मग प्रवास. २०२४ च्या सप्टेंबरात जिल्हा न्यायालय–स्वारगेट भुयारी मार्ग सुरू झाल्यावर मेट्रो पहिल्यांदा पेठांच्या पोटातून गेली आणि पिंपरी-चिंचवडकडून स्वारगेटला येणं सोपं झालं. चाकणला मात्र मेट्रो नाही, आणि हिंजवडी–शिवाजीनगर मार्गाने लोकांना वर्षानुवर्षं वाट पाहायला लावली. पीएमपीच्या बसचं किमान तिकीट जून २०२५ पासून ५ वरून १० रुपये झालं. रोज दोन बस बदलून जाणाऱ्याचा एका दिशेचा खर्च त्यामुळे किमान १० वरून २० वर गेला. महिन्याला २५ दिवस ये-जा धरली तर ५०० रुपयांची भर. म्हणजे जे पाचशे वाचवायला लांब खोली घेतली, ते बरोबर तितकेच गेले. वेळ वेगळा.

कोरियातल्या ‘गोशिवोन’चा याच्याशी काय संबंध?

हा प्रश्न एकट्या पुण्याचा नाही. दक्षिण कोरियात ‘गोशी’ म्हणजे सरकारी नोकरीची मोठी परीक्षा. तिची तयारी करणाऱ्यांसाठी सोलमध्ये अगदी लहान, खाटेएवढ्याच खोल्यांच्या इमारती उभ्या राहिल्या. त्यांना नाव पडलं गोशिवोन. सिल्लिम भागात वकिली-न्यायाधीशांच्या परीक्षेवाले, नोरयांगजिनमध्ये प्रशासकीय आणि पोलीस परीक्षेवाले. क्लास, अभ्यासिका, स्वस्त जेवण आणि या खोल्या. सदाशिव पेठेतून तिथे गेलेल्या कुणालाही भाषा सोडून काही अनोळखी वाटू नये.

तिथली जुनी वकिलीची परीक्षा २०१७ मध्ये कायमची बंद झाली, पण गोशिवोन बंद झाले नाहीत. भाडेकरू बदलले. रोजंदारीवरचे मजूर, एकटे राहणारे वृद्ध आणि नव्याने आलेले परदेशी तिथे राहू लागले. कारण तेच, जे पुण्यातल्या कॉटचं. कोरियात साधी एक खोली घ्यायलाही आधी मोठी अनामत रक्कम ठेवावी लागते. ‘जॉनसे’ नावाच्या पद्धतीत तर महिन्याचं भाडंच नसतं, घराच्या किमतीचा मोठा हिस्सा अनामत म्हणून घरमालकाकडे ठेवायचा आणि घर सोडताना परत घ्यायचा. परदेशी माणसाकडे ती रक्कम नसते, जामीन नसतो, भाषा नसते. गोशिवोन यातलं फारसं काही मागत नाही. आज शिकायला सोल, सुवॉन, देजॉनला जाणाऱ्या मराठी मुलांनाही विद्यापीठाचं वसतिगृह मिळालं नाही, तर हाच पर्याय पहिल्यांदा समोर येतो.

९ नोव्हेंबर २०१८ ला सोलच्या जोंगनो भागातल्या एका गोशिवोनला आग लागली आणि सात जण गेले. इमारतीत पाणी फवारणारी यंत्रणा नव्हती. त्यानंतर बऱ्याच चर्चेअंती सोल शहराने नियम केला. जुलै २०२२ पासून नव्या गोशिवोनमधली खोली किमान ७ चौरस मीटरची, आत संडास-बाथरूम असेल तर ९ चौरस मीटरची हवी आणि खिडकी हवीच. ७ चौरस मीटर म्हणजे साधारण ७५ चौरस फूट. फार नाही. पण निदान ‘एका माणसाला इतकी जागा आणि एक खिडकी’ असं सरकारने लिहून तरी दिलं.

दिल्लीत १५ जून २०२३ ला मुखर्जीनगरमधल्या क्लासच्या इमारतीला आग लागली आणि मुलं दोरीला लटकून खाली उतरली. २७ जुलै २०२४ ला जुन्या राजेंद्रनगरमध्ये तळघरातल्या वाचनालयात पाणी शिरून तीन विद्यार्थी गेले. तेव्हा पुण्यातल्या अभ्यासिका आणि तळघरांचीही काही दिवस चर्चा झाली. कॉट बेसिसवर चालणाऱ्या जुन्या वाड्यांतल्या अरुंद लाकडी जिन्यांवर ती चर्चा फारशी पोहोचली नाही.

करार नसेल तर बिघडतं काय?

बरंच. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ मधलं ५५ वं कलम सांगतं की भाडेकरार किंवा लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा. नोंदणी करण्याची जबाबदारी घरमालकाची. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, करार नोंदवलेला नसेल आणि वाद झाला, तर अटींबाबत राहणारा जे सांगतो ते खरं धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. कायदा भाडेकऱ्याच्या इतक्या बाजूने आहे हे भाडेकऱ्यालाच ठाऊक नसतं.

‘अकरा महिन्यांचा करार, म्हणजे नोंदणी लागत नाही’ हे वाक्य पुण्यात सर्रास ऐकू येतं. ते अर्धवट आहे. १९०८ च्या नोंदणी कायद्यात एक वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची आहे, म्हणून देशभर अकरा महिन्यांची पळवाट रुजली. महाराष्ट्रात ५५ व्या कलमाने ती वाट बंद केली. अकरा महिने उरले ते सवय म्हणून.

नोंदणीचा खर्च किती? समजा चौघांनी मिळून १२,००० रुपये भाड्याचा फ्लॅट ३६,००० डिपॉझिट देऊन घेतला. मुद्रांक शुल्क एकूण भाडं आणि डिपॉझिटवरच्या १० टक्के मानीव व्याजाच्या बेरजेवर पाव टक्का. म्हणजे साडेतीनशेच्या आतबाहेर. शहरी हद्दीत नोंदणी शुल्क १,००० रुपये आणि वर किरकोळ हाताळणी शुल्क. चौघांत वाटलं तर प्रत्येकी चारशेच्या आसपास. नोंदणी ऑनलाइन होते, आधार आणि अंगठ्यावर. एजंट यासाठी जे जास्तीचे मागतो, ती त्याची फी, सरकारची नव्हे. हे वेगळं विचारून घ्यावं.

मुदत संपूनही जागा न सोडणाऱ्याला मात्र कायदा दयामाया दाखवत नाही. २४ व्या कलमानुसार त्याच्याकडून दुप्पट दराने नुकसानभरपाई वसूल करता येते. त्यामुळे ‘परीक्षा होईपर्यंत राहू द्या’ ही विनंती तोंडी ठेवू नये.

डिपॉझिट हा खरा दुखरा मुद्दा. केंद्राने जून २०२१ मध्ये आदर्श भाडेकरू कायद्याचा मसुदा मंजूर केला, त्यात राहत्या घरासाठी डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त नको अशी मर्यादा आहे. पण तो स्वीकारणं राज्यांवर सोपवलं, आणि महाराष्ट्राचा कारभार १९९९ च्या कायद्यावरच चालू राहिला. त्यात अशी मर्यादा नाही. घर सोडताना रंगकामाच्या नावाखाली एक महिन्याचं भाडं कापणं हा तर जणू अलिखित कायदा. त्यावर उपाय एकच: राहायला जाण्याच्या दिवशी भिंती, नळ, मीटर यांचे फोटो काढून घरमालकाला व्हॉट्सॲपवर पाठवायचे आणि डिपॉझिट बँकेतून द्यायचं. रोखीने दिलेल्या डिपॉझिटला साक्षीदार नसतो.

कोरियातही अनामतीने अनेकांना रडवलं. २०२२-२३ मध्ये इंचॉनसह अनेक शहरांत जॉनसेच्या रकमा बुडाल्या, तरुण भाडेकरू देशोधडीला लागले, काहींनी जीव दिला आणि जून २०२३ मध्ये तिथे पीडितांसाठी खास कायदा करावा लागला. तिथेही संरक्षण कुणाला मिळतं, हे एका कागदावर ठरतं: घर बदलल्यावर नवा पत्ता सरकारी दफ्तरी नोंदवला की नाही. परदेशी माणसाने पत्ताबदल कळवला तर त्याचीही अनामत कायद्याच्या छत्राखाली येते. न कळवणारा रांगेत मागे पडतो.

सरकारी मदत खोलीभाड्याला पुरते का?

अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना सरकारी वसतिगृह न मिळाल्यास डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना, आदिवासी विद्यार्थ्यांना स्वयं, ओबीसी आणि भटक्या-विमुक्तांना ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या मुलांसाठी पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता. स्वाधारमध्ये पुण्यासारख्या शहरासाठी वर्षाला ६०,००० रुपये मिळतात. त्यातले ३२,००० भोजनाचे, २०,००० निवासाचे, ८,००० निर्वाहाचे.

निवासाचे २०,००० बारा महिन्यांत वाटले तर महिन्याला १,६६६ रुपये होतात. पुण्यात इतक्या पैशांत कॉट मिळेल का, हा प्रश्न पुण्यात राहिलेल्या कुणालाही विचारावा. शिवाय हप्ते उशिरा येतात ही तक्रार जुनी आहे, आणि घरमालक उशीर मान्य करत नाही.

त्यात एक गंमत आहे, म्हणजे ज्याच्यावर बेतते त्याला ती गंमत वाटत नाही. या योजनेला राहत असल्याचा पुरावा लागतो, भाडेकरार किंवा खासगी वसतिगृहाचा कागद. ज्याला पैशांची सर्वांत जास्त गरज, तो सर्वांत स्वस्त जागेत राहतो. सर्वांत स्वस्त जागेत कागद मिळत नाही. कागद नाही म्हणून मदत नाही. म्हणून खोली बघताना ‘करार करून देणार का’ हा प्रश्न भाड्याच्या आधी विचारायला हवा. दोनशे रुपये जास्त घेऊन कागद देणारी जागा वर्षाअखेर स्वस्त पडू शकते. आणि पदवी संपवून फक्त एमपीएससी करणारा मुलगा या योजनांत बसतच नाही, कारण त्या प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्यांसाठी आहेत. त्याच्यासाठी बार्टी, सारथी, महाज्योतीचं प्रशिक्षण आणि विद्यावेतन आहे, पण जागा मोजक्या.

एक दिलासा मात्र २०२४ मध्ये मिळाला. खासगी वसतिगृहांवर जीएसटी लागू होतो की नाही, यावर गोंधळ होता. जूनमधल्या जीएसटी परिषदेनंतर, माणशी महिना २०,००० रुपयांपर्यंत भाडं आणि सलग किमान ९० दिवस मुक्काम असेल, तर तो लागत नाही. बिलात जीएसटी दिसला, तर विचारायला हरकत नाही.

पैसे असूनही खोली का मिळत नाही?

फोनवर पहिला प्रश्न ‘बॅचलर की फॅमिली?’ दुसरा ‘आडनाव काय?’ तिसरा ‘व्हेज की नॉनव्हेज?’ हे तिन्ही प्रश्न एकच माहिती तीन वाटांनी काढतात. मुसलमान आणि दलित तरुणांना दुसऱ्या प्रश्नानंतर ‘जागा आत्ताच गेली’ हे ऐकावं लागतं. मुलींना जागा मिळते, पण रात्री नऊ-साडेनऊच्या फाटकासह. अभ्यासिका अकरापर्यंत उघडी असली तरी.

कायदा इथे तोकडा आहे. राज्यघटनेतलं भेदभावाविरुद्धचं कलम मुख्यतः सरकारला बांधतं, खासगी घरमालकाला नाही. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सभासदत्व एका समाजापुरतं ठेवणं मान्य केलं, त्यानंतर तर अशा संस्थांना आधारच मिळाला. मात्र ‘सोसायटीत बॅचलर चालत नाहीत’ याला तितका आधार नाही. आदर्श उपविधींनुसार सभासदाला फ्लॅट भाड्याने द्यायला सोसायटीची परवानगी लागत नाही, कळवावं लागतं. बिगरभोगवटा शुल्कही सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त आकारता येत नाही. हा नियम तोंडपाठ असलेला घरमालक भेटला तर काम होतं. नाहीतर सोसायटीच्या चेअरमनशी वाद घालत कुणी राहत नाही.

म्हणून मुलं शेवटी आपल्या माणसांत जातात. मेहकरचा मेहकरवाल्याकडे, मलकापूरचा खानदेशी पोरांसोबत, आणि त्यातही आपल्या जातीचा-समाजाचा गट शोधत. यात आधार आहे, आजारी पडल्यावर दवाखान्यात नेणारं कुणीतरी आहे. तोटा असा, की गावातून निघालेला मुलगा चारशे किलोमीटरवर येऊन पुन्हा गावातच राहतो. जुन्या मुलाने तीन वर्षांपूर्वी नाइलाजाने घेतलेली खोली नव्याची निवड ठरते.

परीक्षेचं वेळापत्रक आणि घरभाडं

या सगळ्या हिशेबात एक आकडा कुणाच्याच हातात नसतो, तो म्हणजे मुक्काम किती. २०२४ ची राज्यसेवा पूर्वपरीक्षा २८ एप्रिलला व्हायची होती. मराठा आरक्षणाच्या नव्या कायद्यामुळे ती लांबली, मग २५ ऑगस्ट ठरली. त्याच दिवशी बँकेची परीक्षा आली, पुण्यात शास्त्री रस्त्यावर मुलं रात्र-रात्र बसली, आणि परीक्षा शेवटी १ डिसेंबरला झाली. सात महिने. वरच्या ७,००० रुपयांच्या हिशेबाने ४९,००० रुपये. २०२५ ची पूर्वपरीक्षा २८ सप्टेंबरवरून अतिवृष्टीमुळे ९ नोव्हेंबरला गेली. आणखी सहा आठवडे, आणि तेही अशा हंगामात, जेव्हा घरी सोयाबीन पाण्यात होतं.

परीक्षा पुढे ढकलण्याच्या मागण्यांमागे अनेकदा रास्त कारणं असतात. पण प्रत्येक तारखेचं भाडं कोण भरतं, याची नोंद आयोगाच्या पत्रकात नसते. पेठेतल्या घरमालकाला तारखेने फरक पडत नाही, कॉट रिकामी झाली तर दुसऱ्या दिवशी भरते.

म्हणून काही मुलं आता उलटा विचार करतात. पूर्वपरीक्षेची तयारी गावी किंवा खामगाव, चिखली, बुलढाण्याच्या अभ्यासिकेत, क्लास ऑनलाइन, आणि पुण्याला फक्त मुख्य परीक्षेच्या आधीचे काही महिने. कोरोनाच्या काळात मेस बंद पडून मुलं परतली, तेव्हा नाइलाजाने सुरू झालेली ही पद्धत काहींनी नंतर हिशेबाने चालू ठेवली. मात्र २०२५ पासून राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली आहे. पर्याय निवडणं घरी बसून जमतं. लिहिलेली उत्तरं तपासून देणारा, ‘इथे चुकलास’ म्हणणारा माणूस अजून पुण्यातच जास्त सापडतो. त्यामुळे ही थोडक्या मुक्कामाची वाट टिकेल की पुन्हा दोन-तीन वर्षांचा मुक्काम सुरू होईल, हे येत्या एक-दोन परीक्षांत कळेल. थोड्या महिन्यांसाठी खोली मागणाऱ्याला पेठेतला घरमालक सध्या तरी एकच उत्तर देतो: अकरा महिन्यांच्या खाली नाही.